मुलाणी चाचांची धार

सांगलीच्या मंडईला लागणारा सगळा राग एकटा माणूस पुरवतो, आणि तो माणूस म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, कोंबडीवाले मुलाणी चाचा. बाकीच्यांना राग येतो तो काही कारणाने. येतो आणि जातो. चाचांचा राग पहाटेच्या नमाजनंतर त्यांच्याबरोबर निघतो, त्यांच्या थोडा आधी मंडईत पोचतो आणि शेवटचा गाळा बंद झाल्यावर त्यांच्याबरोबरच घरी जातो. नमाजच्या वेळेपुरता तो मशिदीबाहेर चपलांपाशी थांबत असावा, कारण बाहेर आल्यावर चप्पल पायात सरकवता सरकवताच ते पुन्हा सुरू झालेले पुष्कळांनी पाहिले आहेत. कोथिंबीरवाली जुडीची गाठ सैल मारते म्हणून ते रागावतात. अंडीवाला मोजताना ओठ हलवतो म्हणून रागावतात. कुणी 'कसं काय चाचा?' म्हटलं तर 'कसं दिसतंय तुला?' म्हणून रागावतात, आणि कुणी न बोलता पुढे गेलं तर त्याला हाक मारून परत बोलावतात आणि मग रागावतात. वय विचारलं तर उत्तर मिळतं, "का? पोरगी द्यायची हाय मला?" दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. चाचा तिथे फक्त रागवण्यापुरते बसतात, आणि ते काम पूर्णवेळ आहे.

माझ्या वडिलांची आणि त्यांची ओळख माधवनगरला झाली. वडील तिथल्या गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या फाटकासमोर चाचांचा कोंबड्यांचा खुराडा होता. पहिल्याच दिवशी वडील सहज म्हणाले, "जरा चांगली बघून द्या." चाचांनी हातातली कोंबडी परत खुराड्यात टाकली. "चांगली बघून म्हंजी? वाईट हाय का ह्यात एक तरी? दावा. दावा मला." वडील कोंबडी न घेता घरी आले. संध्याकाळी चाचा पत्ता शोधत आमच्या दारात उभे. हातात साफ केलेली कोंबडी, तोंडात शिव्या. "गिऱ्हाईक मोकळ्या हातानं गेलं माझ्या दुकानातनं! जेवण गेलं न्हाई मला!" पुढची सगळी मैत्री याच धर्तीवर झाली. एकदा आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा चाचांच्या घरून रोज सूप यायचं. वडिलांनी न राहवून 'फार उपकार झाले' असं म्हटलं. चाचांनी बोलणं बंद केलं. सूप बंद केलं नाही. डबा दारात आपटल्याचा आवाज यायचा आणि दार उघडेपर्यंत जिन्यावर फक्त पावलं ऐकू यायची, तीसुद्धा चिडलेली.

पण या सगळ्या किरकोळ रागांच्या तळाशी एक मोठा राग आहे, आणि तो बोथट पात्यावर आहे. जगात अन्याय आहे, खोटेपणा आहे, हे चाचांना मान्य आहे; पण त्यांच्या मते त्याची सुरुवात कुठल्या तरी घरातल्या धार नसलेल्या विळीपासून होते. आमच्या घरी ते आले की आई विळी पलंगाखाली सरकवायची. तरी ते ती शोधून काढायचे, अंगठा फिरवायचे, आईकडे अशा नजरेने बघायचे की जणू तिने घरात कुणाला उपाशी ठेवलं आहे, आणि विळी काखोटीला मारून चालू पडायचे. दुसऱ्या दिवशी ती परत यायची तेव्हा तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी टोमॅटो चिरले जातील असं वाटायचं. आईचं बोट एकदा कापलंच. चाचा पट्टी घेऊन आले आणि तासभर आईलाच बोलले. लग्नाच्या जेवणाला गेले तर आधी आचाऱ्याच्या मागे जाऊन सुऱ्या तपासतात, आणि पसंत पडल्या नाहीत तर आहेर देऊन न जेवता परत येतात. न्हाव्याकडे स्वतःचा वस्तरा नेतात आणि तो चालवण्याआधी न्हाव्याची परीक्षा घेतात. मी वर्तमानपत्रात आहे, हे त्यांना माझ्या हातून झालेलं वैयक्तिक नुकसान वाटतं. गुन्ह्याची बातमी आली की सकाळी फोन ठरलेला. "धारदार शस्त्रानं वार म्हणून छापलंयस. धार बघितलीस तू? मानंवर वार करून माणूस चालत दवाखान्यात गेला आन् म्हणं धारदार! बोथट म्हणून छाप की रं!"

या रागामागे एक अभिमान आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढची हकिगत कळायची नाही. मुलाणी हे आमच्या भागात आडनाव आहे तसंच कामही. जत्रा गावदेवीची असो, बकरं कुणाच्याही नवसाचं असो, सुरी मुलाण्याची. जतकडच्या चाचांच्या गावात त्यांच्या आज्याने कापल्याशिवाय कुणाच्या चुलीवर रस्सा चढत नसे. ज्या घरांच्या ओसरीवर आज्याला पाय ठेवता येत नव्हता, त्या घरांतही जेवण त्याच्या हातचंच होतं. "आमाला आत घेत न्हवते," चाचा सांगतात, "पण आमच्या हाताबिगर जेवत बी न्हवते." हे सांगताना ते चिडलेले असतात, पण छाती मात्र पुढे आलेली असते.

अशा माणसाच्या दुकानासमोर एका सकाळी एक बाई येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन कोंबड्या द्या. जिवंत. कापू नका."

"पाळायच्यात?"

"नाही, खायच्यात."

"मग कापून देतो की."

"नको. कापायला आमच्या घरी माणूस आहे."

या बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बरीच नोकरी साताऱ्याला झाली, शेवटची नेमणूक सांगलीत, आणि निवृत्तीनंतर इथेच राहिल्या. मंडईत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. मंडईच्या दक्षिणेच्या दारापाशी त्यांनी एक छोटा गाळा घेऊन सँडविचचं दुकान काढलं होतं. दोन बाकडी, दोन तवे, एक पाटी. पाटीवर 'कोशेर सँडविच' आणि त्याखाली 'शनिवारी बंद'. कोशेर म्हणजे त्यांच्या धर्मात खायला चालतं ते, हे मंडईला हळूहळू कळलं. शनिवारी बंद हे मात्र कुणाला कळेना, कारण शनिवार हा बाजाराचा दिवस आणि त्या दिवशी मंडईत उभं राहायला जागा नसते.

सिस्टर रोज येत राहिल्या, चाचांकडूनच कोंबड्या घेत राहिल्या आणि जिवंतच नेत राहिल्या. दुसऱ्याकडून घेतल्या असत्या तर चाचांनी एकदा शिव्या देऊन विषय संपवला असता. पण माल माझा चांगला आणि हात माझा चालत नाही, हे त्यांना जेवू देईना. "सगळा मुलूख खातो माझ्या हातचं," ते फोनवर ओरडले. "हिला काय झालं? खरूज झालीय माझ्या हाताला? चल, बघू या काय दिवं लावतोय हिचा माणूस." मला ड्युटी आहे असं मी सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

आम्ही गेलो तेव्हा दुपार टळत होती आणि बाकडी रिकामी होती. चाचा बसले नाहीत, स्थानापन्न झाले. शेजारची कांदेवाली मामी, समोरचा नारळवाला, सगळे आपलं काम सोडून इकडे तोंड करून उभे राहिले. मंडईत फुकटची करमणूक कुणी सोडत नाही.

"चिकन सँडविच," चाचा म्हणाले. "आन् लोणी लावा भरपूर."

"चिकनला लोणी नाही, चाचा. बटाट्याला लावते."

"मी बटाटा मागितला न्हाई."

"मग लोणीही मागू नका."

आयुष्यभर सरकारी दवाखान्याचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईला चाचा म्हणजे सकाळच्या रांगेतला आणखी एक पेशंट. त्यांनी आवाजही चढवला नाही. पाव तव्यावर तेलात शेकत ठेवला.

"का पर? लोण्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"मांस आणि दूध एकत्र खात नाही आम्ही. भांडीसुद्धा वेगळी."

"आमच्यात डुक्कर न्हाई, दारू न्हाई, ते कळतं माणसाला. म्हशीनं काय केलंय?"

"म्हशीला विचारा," सिस्टर म्हणाल्या, आणि कांदेवाली मामी इतक्या जोरात हसली की तिचा तराजू खाली गेला.

सँडविच आलं. पावात हिरव्या मसाल्यात शिजवलेली कोंबडी, नारळाच्या दुधाचा घट्ट रस तिला लागलेला, वर पुदिन्याची चटणी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी. वास असा की नारळवाला दोन पावलं पुढे आला. चाचांनी ताटलीला हात लावला नाही.

"कापतंय कोण?"

"मी कापतो," मागून आवाज आला. गाळ्याच्या आतल्या बाजूला, पोत्यांच्या आडोशाला, एक किडकिडीत म्हातारा डोक्याला गोल टोपी घालून लसूण सोलत बसला होता. सिस्टरचे वडील. "या ना, आत या."

चाचा उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी चौकशी सुरू केली, आणि ती पोलीस ठाण्यात शोभली असती. "कापताना नाव कुणाचं घेता?"

"ज्यानं तिला घडवलं त्याचं."

"म्हंजी एकाचंच?"

"दुसरा आहे कुठं?"

चाचांनी सँडविच उचललं आणि चावा घेतला. ते पहिला घास चावत होते तोवर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कायम होत्या. दुसऱ्याला एक कमी झाली. ती त्यांच्या लक्षात आली असावी, कारण त्यांनी ती लगेच परत आणली. "मीठ जास्त हाय," ते म्हणाले. मग सगळं खाल्लं, बोटं चाटली आणि दुसरं मागवलं. "ह्यात चूक झाली असंल. दुसरं बघतो." दुसऱ्यातही मीठ जास्त निघालं, तेव्हा तिसरं बांधून घेतलं.

मिठाचं कारण म्हाताऱ्याने सांगितलं. कोंबडी आधी पाण्यात भिजवायची, मग मीठ लावून तिरक्या फळीवर ठेवायची, म्हणजे सगळं रक्त निघून जातं. अलिबागच्या बाजूला त्यांचं गाव. तिथे ते प्रार्थना म्हणायचे आणि समाजातल्या सगळ्या घरांच्या कोंबड्याही कापायचे. "आमच्या गावच्या मशिदीत हे करणारा मीच एक होतो," ते म्हणाले.

"तुमची बी मशीद?"

"आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो. तुमची तिकडं, आमची इकडं. मध्ये विहीर." घरं एकेक करून मुंबईला, परदेशात गेली. शेवटी प्रार्थनेला लागतात तेवढी माणसंही गावात राहिली नाहीत आणि लेक त्यांना इकडे घेऊन आली.

तोवर चाचा आत जाऊन उभे राहिले होते. "सुरी बघू."

म्हाताऱ्याने फडक्यातून सुरी काढली, पण दिली नाही. चाचा बघतच राहिले. "टोक कुठाय हिचं?"

"टोक नसतंच. टोक टोचतं." म्हाताऱ्याने पात्याची धार हलकेच अंगठ्याच्या नखावरून फिरवली, पुढे, मागे, मग एका अंगाने, मग दुसऱ्या. केसाएवढी खाच असली तरी नखाला लागते आणि ती सुरी चालत नाही. जनावराला जेवढं कळेल तेवढं पाप. मग त्याने सुरी चाचांच्या हातात ठेवली. चाचांनी तीच धार आपल्या नखावरून नेली आणि मधेच थांबले.

"डाव्या अंगाला," चाचा म्हणाले. "टोकाकडं. म्हंजी टोक असतं तिथं."

"आहे," म्हातारा म्हणाला. "सकाळीच लागली मला. तुम्हाला कळली?"

"कळली म्हंजी? आंधळा हाय मी? आन् कळलीय तर अजून ठिवलीय कशाला तशी? लाज न्हाई वाटत?" असं म्हणून चाचा सुरी घेऊन चालू पडले. सिस्टर 'अहो, अहो' करत राहिल्या. म्हातारा मात्र लसूण सोलायला लागला. "येईल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुरी आली. म्हाताऱ्याने ती नखावरून फिरवली, सगळ्या अंगांनी, सावकाश. नंतर त्याने मान हलवली आणि म्हणाला, "अशी धार माझ्या बापाच्या वेळी होती." चाचांना स्तुती सहन होत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. चाचांनी त्याला इतकं फैलावर घेतलं की सिस्टर तवा सोडून मधे पडल्या.

तेव्हापासून चाचांचा मुक्काम हलला. सकाळी ते स्वतः कोंबड्या निवडून सिस्टरच्या गाळ्यात न्यायचे, धारेच्या दगडावर सुरी लावायचे आणि म्हाताऱ्यापुढे कोंबडी धरून बसायचे. सुरी चालवायचा हक्क म्हाताऱ्याचा. ती त्यांच्याच माणसाने चालवायची, हा नियम. धरायला मात्र कुणीही चालतं. या वाटणीवर चाचा रोज भांडले आणि रोज वेळेवर आले. कांदेवाली मामी मुद्दाम विचारायची, "चाचा, म्हातारपणी सिस्टरच्यात नोकरी धरली व्हय?"

"नोकरी न्हाई. देखरेख हाय. तू कांदं बघ तुझं, कोंब आल्यात."

शनिवारची तर त्यांनी वेगळीच जबाबदारी घेतली. बाजाराच्या गर्दीत सिस्टरच्या बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी चौकशी केली की ओरडायचे, "पाटी वाचता येत न्हाई? शनवार हाय त्यांचा, देवाचा वार! एक दिस न्हाई खाल्लं तर मरतोय का?" दुकानाची एवढी जाहिरात दुसऱ्या कुठल्या उपायाने झाली नसती. शिव्या खाऊन गेलेलं गिऱ्हाईक रविवारी हटकून यायचं. इतक्या रागाने राखलेल्या दुकानात काय मिळतं, ते बघायला.

एकदा मी एकटाच सँडविच खायला गेलो असताना सिस्टर म्हणाल्या, "हे दुकान माझ्यासाठी नाही काढलं. पेन्शनीत माझं भागतं. बाबा इकडे आले तेव्हा दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायचे. एकदा म्हणाले, माझ्या हातचं खाणारं आता कुणी राहिलं नाही, मग मी कशाला? म्हणून काढलं." त्यांनी तवा पुसला. "चिकन आहे तोवर बाबा आहेत, असं धरून चालते मी."

मग मंडईला वाईट दिवस आले. चाचांचा राग नेहमीचा राहिला नाही. आधीच्या रागात लोकांना गंमत वाटायची. आता ते कुणाचं ऐकून घेईनात. अंडीवाल्याची अंडी त्यांनी लाथाडली. मामीशी आठवडाभर अबोला. मुलाने काही विचारलं तर भर दुकानात त्याच्या अंगावर धावून गेले. एका सकाळी मला फोन आला आणि बातमीत काय चुकलं आहे ते न सांगताच त्यांनी शिव्या दिल्या. मी मंडईत गेलो. ते दुकानामागच्या नळावर धारेचा दगड धूत बसले होते.

"काय झालं चाचा?"

"तुला काय करायचंय? छापायचंय?"

मी उभा राहिलो. ते दगडाकडे बघत म्हणाले, "हात हालतोय रं नानाचा." नाना म्हणजे सिस्टरचे वडील. त्यांच्या नियमात सुरी एका हाताने, एका ओढीत फिरली पाहिजे. मधे थांबली, दाबली गेली, तर ती कोंबडी त्यांना चालत नाही. "परवा थांबली. काल बी थांबली. मी कोंबडी धरलेली, मला कळतंय की. त्यानं बाजूला ठिवली गपचीप. मग माझ्याकडं बघितलं." चाचांनी दगड नळाखाली धरला. "असं बघायचं न्हवतं त्यानं."

"सिस्टरना सांगायला हवं."

ते उठून उभेच राहिले. "सांगायला हवं! पेपरवाल्यांना तेवढंच येतंय, सांगायचं! पोरीनं बापाला म्हणायचं का, बाबा, बास करा, तुमचा हात गेला? ज्याचा हात गेला त्याचं काय ऱ्हातं रं मागं? तूच सांग. काय ऱ्हातं?" नळाची तोटी बंद होईना, तेव्हा ते तिच्यावरही ओरडले. मी परत आलो.

त्यानंतरच्या रविवारी, मंडई भरलेली असताना, सिस्टरच्या गाळ्यातून चाचांचा आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा. मी बाकड्यावर चहा घेत होतो. चाचा धारेचा दगड हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो फरशीवर टाकला. दगडाचे तुकडे झाले.

"बसत न्हाई!" ते ओरडले. "धार बसत न्हाई माझी! सकाळपासनं लावतोय. डोळं गेलं, बोटं गेली, सगळं गेलं! ह्या सुरीनं कोंबडी कापली तर पाप लागंल!"

मामी हातातला कांदा तसाच धरून उभी राहिली. नारळवाल्याने कोयता खाली ठेवला. मुलाण्याची धार बसत नाही, असं या मंडईत दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याला पोत्यात भरून घरी न्यावं लागलं असतं. चाचांचा मुलगा धावत आला, "अब्बा, क्या हुआ?" चाचांनी त्याला ढकललं आणि सुरी म्हाताऱ्यापुढे धरली. "बघा. तुमीच बघा, नाना."

म्हाताऱ्याने सुरी घेतली. नखावरून नेली, पुढे, मागे. एका अंगाने, दुसऱ्या अंगाने. मी जवळ होतो. पातं पाण्यासारखं नखावरून गेलं, कुठेही अडकलं नाही. हलत होता तो फक्त हात. त्याने परत एकदा नेली. म्हाताऱ्याने वर पाहिलं. त्या माणसाने आयुष्यात सुरीविषयी खोटं सांगितलं नसणार. ते सांगणं म्हणजे त्याच्या लेखी देवाशीच खोटं बोलणं.

"खरंय," तो म्हणाला. "खाच आहे."

"मी दुसऱ्याकडून लावून आणते, बाबा," सिस्टर म्हणाल्या.

"नको. मुलाण्यांची गेली, तर सांगलीत कुणाची राहिली?" म्हाताऱ्याने सुरी फडक्यात गुंडाळली. "त्यांच्याशिवाय दुसऱ्याची धार मी घेणार नाही. चिकन पुसून टाक पाटीवरून."

सिस्टरनी ओल्या फडक्याने पाटीवरचा शब्द पुसला. नर्स म्हणून इतकी वर्षं काढलेल्या बाईला बापाचा हात हलतो हे आधीच दिसलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही. पाटीवर अंडं, बटाटा आणि मासा राहिला. मासा कापायला विशेष माणूस लागत नाही, फक्त माशाला खवले हवेत. बिनखवल्याचा चालत नाही. तेव्हापासून दोघं म्हातारे रोज माशांचे खवले काढतात. चाचांना यातलं काही येत नाही आणि ते म्हाताऱ्याला सतत शिकवत असतात. गिऱ्हाईक टिकून आहे. मासा शेकून पावात घालतात, आणि मासा त्यांच्यात मांसात मोडत नाही, म्हणून त्यावर लोणी लावायला सिस्टरची ना नाही. पण चाचा आता लोणी मागत नाहीत.

मंडईला जे कळलं ते एवढंच की मुलाणी चाचांची धार गेली. ही बातमी माधवनगरपर्यंत पोचली. दरवर्षी बकरी ईदच्या आधी चाचांच्या दारात सुऱ्यांचा ढीग पडायचा, लोक रांगेत उभं राहून शिव्या खायचे. या वर्षी अंगण मोकळं होतं. मुलगा माझ्याकडे येऊन चिडून म्हणाला, "अब्बांची धार अजून तशीच हाय. घरी माझ्या सुऱ्या कोण लावतंय? मग हे खोटं कशाला सांगत फिरायचं?" अब्बांनी त्याला सांगितलं नव्हतं, ते मी सांगणं बरोबर नव्हतं.

परवा मी मासा सँडविच खायला गेलो होतो. दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसले होते. सायकलवर चाक लावून धार लावणारा एक फिरता माणूस मंडईत आला होता आणि कांदेवाली मामी त्याच्याकडून विळी लावून घेत होती. चाक खरखरत होतं, ठिणग्या भलतीकडे उडत होत्या, पातं तापून निळं पडत चाललं होतं. मामीने इकडे पाहिलं, जरा ओशाळली आणि मुद्दामच म्हणाली, "काय करू चाचा, तुमची तर गेली म्हणं."

"व्हय," चाचा म्हणाले. "गेली."

चाक फिरत राहिलं. चाचांचा जबडा हलत होता आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते. म्हातारा थोडा त्यांच्याकडे झुकला आणि मामीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "बघा मुलाणी, उलट्या अंगानं लावतोय तो."

"लावू द्या, नाना," चाचा म्हणाले.